परदेशी कुठली ते दाखवा

आपा गेली हे मला एका फ्लेक्सवरून कळलं. धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी मी दहा दिवस पुण्यात होते, मोबाईल नेमका त्याच आठवड्यात दुरुस्तीला पडला होता, आणि भोरला परत येताना एसटी किकवीच्या अलीकडं खड्ड्यांमुळं हळू झाली तेव्हा खिडकीतून तो बोर्ड दिसला. वर हात जोडलेले पुढारी, कमरेपासून फेट्यापर्यंत, प्रसन्न. त्यांच्याखाली गॉगल लावलेल्या आठ-नऊ शोकाकुल कार्यकर्त्यांची रांग. आणि अगदी खाली कोपऱ्यात, रेशनकार्डावरून उचललेला असावा असा, टिकलीएवढा आपाचा फोटो. ‘स्वदेशी उद्योजिका जैतुनबाई अत्तार यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ तिचं आडनाव आतार. बाई तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. आणि स्वदेशी... त्या शब्दापाशी माझी नजर अडकली आणि एसटी पुढं निघून गेली. आधी रडू आलं असं खोटं कशाला लिहू. आधी किळस आली. रडू पुढच्या थांब्यावर उतरल्यावर आलं, परत मागं चालत येताना.

त्या पुढाऱ्यांचं नाव मी या लेखात घेणार नाही. त्यांना आपलं नाव छापून आलेलं फार आवडतं, म्हणूनच.

आपाचं माहेर वेल्ह्याचं, सासर भोरचं. ‘आन् पोट किकवीचं,’ असं तिसरं ती स्वतःच जोडायची. नवरा एका ट्रान्सपोर्टमध्ये बदली ड्रायव्हर होता, तो लवकर गेला. पदरात एक मुलगी, यास्मिन. मी गुंजवण्याची. धरणाच्या कामात आमची भातखाचरं जाणार हे नक्की झाल्यावर वडिलांनी मला मामाकडं किकवीला पाठवलं. बारावी झाले होते आणि लग्न ठरत नव्हतं. मामाच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, हायवेला लागून, पत्र्याची एक लांब शेड होती. तिथं मोटारींचं वायरिंग बनायचं. गाडीच्या अंगातून दिव्यांपर्यंत, हॉर्नपर्यंत, इंजिनापर्यंत वायरींचा जो जुडगा जातो त्याला हारनेस म्हणतात. वायरी मापानं कापायच्या, टोकांना पितळी टर्मिनल दाबायचे, मोठ्या फळीवरच्या खिळ्यांमधून त्या रांगोळीसारख्या फिरवायच्या, वरून काळी टेप गुंडाळायची आणि शेवटी तपासणीच्या फळीवर लावायचा. सगळे बल्ब लागले तर हारनेस पास. आपा सोडून आम्ही वीस बायका होतो. नव्वदीचं दशक अर्धं सरलेलं होतं, आणि आमच्यापैकी एकीच्याही घरी मोटार नव्हती.

तपासणीवर आपा होती. पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातांकडं पाहिलं, तोंडाकडं नाही. ‘नखं काप,’ म्हणाली. ‘गाडीला नखं लागत न्हाईत.’ दुसऱ्या दिवशी मी केलेला पहिला हारनेस तिनं दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसा, परत आणून दिला. ‘ह्यो कुणाच्या गाडीत घालायचा? दुस्मनाच्या?’ तिची ही तुच्छता सगळ्यांच्या वाट्याला सारखी यायची, मालकांच्याही. मालक पुण्याचे इंजिनिअर, भले गृहस्थ, पण वाक्यात चार इंग्रजी शब्द घातल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नसे. त्यांचं बोलून झालं की आपा शांतपणे विचारायची, ‘म्हंजे वायर लाल लावायची का पिवळी, येवढंच सांगा.’ मला ती आवडू लागली ती याच कारणानं. मोठ्या शब्दांचा तिला मनापासून कंटाळा होता. आणि तो काळ तर मोठ्या शब्दांचाच होता.

तेव्हा बाहेरच्या कंपन्यांच्या मोटारी नुकत्या रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. आमच्या शेडमध्ये दोन गाड्यांचं काम चाले. एक, अशाच एका परदेशी कंपनीची नवी गाडी. दुसरी, जिला सगळा तालुका ‘आपली गाडी’ म्हणायचा ती. दोन्हींसाठी तांब्याची वायर एकाच ड्रमवरून यायची, टेप एकाच खोक्यातली. टर्मिनलची खोकी दोन्हींसाठी जपानहून यायची. मालकांनी एकदा फावल्या वेळात आम्हाला सांगितलं होतं, की परदेशी गाडीच्या सीटा पुण्याजवळ शिवल्या जातात, काच आणि टायर इथलेच, गिअरबॉक्स तेवढा जहाजातून येतो. आणि आपल्या गाडीच्या इंजिनाचा आराखडा मुळात साहेबाच्या देशातून विकत आणलेला, साचे इटलीचे. आपानं हे सगळं टेप गुंडाळता गुंडाळता ऐकलं. ‘मग ह्यातली आपली कुठली?’ तिनं विचारलं. मालक हसले. ‘ते लेबल ठरवतं, आपा.’ पांढरं, बोटाएवढं लेबल. ते चिकटवायचं काम तपासणीवरच व्हायचं, म्हणजे आपाच्याच हातून. त्यानंतर कितीतरी दिवस लेबल लावताना ती हळूच म्हणायची, ‘जा, तू परदेशची. जा, तू भोरची.’

स्वदेशीचं वारं आमच्या बाजूला जरा उशिरा आलं, पण आलं ते फेटा बांधून. पुढारी तोवर दगडखाणीच्या धंद्यात होते. त्यांनी मोर्चा काढला. हायवेवर एका डॉक्टरांची नवी कोरी परदेशी गाडी अडवली आणि तिच्या बॉनेटवर डांबर ओतलं. डॉक्टर पासलीला आजारी आईला बघायला निघाले होते. ते हात जोडून बाजूला उभे राहिले आणि लोक घोषणा देत राहिले. ज्या जीपमधून पुढारी आले होते तिची जात मूळ अमेरिकेतली, हे तिथं कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं तरी बोललं कुणी नसतं. डांबर शिल्लक होतं.

चार दिवसांनी, दुपारच्या जेवणानंतर, तीस-चाळीस माणसं आमच्या शेडवर आली. मालक पुण्याला गेले होते. पुढारी दारातूनच म्हणाले, ‘इथं परदेशी कंपनीचं काम चालतं असं कळलंय. ते आजपासून बंद.’ आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. आपा आपल्या स्टुलावर बसूनच होती. तिनं फळीवरचा हारनेस उतरवला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘या की आत. चपला काढून या, कचरा व्हतो.’

आणि खरंच, त्या माणसांनी चपला काढल्या.

आपानं दोन तयार हारनेस उचलले, पाठमोरी होऊन त्यांची लेबलं काढली आणि पदराला चिकटवली. मग दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही काळे, दोन्ही हातभर गुंडाळी केलेले. ‘ह्यातली परदेशी कुठली ते दाखवा,’ ती म्हणाली. ‘ती मी माझ्या हातानं कापते. मालकांनी हाकललं तर हाकललं.’

पुढाऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं. माणसं वाकून बघू लागली. एकानं हुंगूनही पाहिलं. आता मागं फिरणं पुढाऱ्यांना शक्य नव्हतं. त्यांनी दोन्ही हारनेस हातात घेऊन तोलले, बोटं फिरवली, आणि उजवीकडचा वर धरला. ‘ही. बघा कशी गुळगुळीत आहे, टेप कशी एकसारखी बसलीय. बाहेरचा माल लगेच कळतो.’

‘नक्की?’

‘नक्की म्हणजे नक्की.’

आपानं कटर घेतला आणि तो हारनेस मधोमध कापला. एका दमात नाही कापला जात, जाड असतो... तीनदा दाबावं लागलं. मग तिनं पदरावरचं लेबल काढून कापलेल्या टोकाला लावलं. आपल्या गाडीचं लेबल. ‘ही तुमची,’ ती म्हणाली. ‘गुळगुळीत म्हनालात, त्येबद्दल उपकार. टेप हिनं गुंडाळलीय.’ आणि माझ्याकडं बोट केलं.

मागच्या माणसांत कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं सगळं बिघडलं. पुढाऱ्यांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. ते फार हळू आवाजात बोलले, पण शेडमध्ये मशीन बंद होती, सगळ्यांना ऐकू गेलं. ‘तुमच्या लोकांना देशी काय नि परदेशी काय. तुमचं मन कुठं असतं ते आम्हाला ठाऊक आहे.’

 आपाच्या सासऱ्याच्या आज्याची कबर भोरात आहे. तिनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही वीसजणी होतो... वेल्ह्याच्या, भोरच्या, किकवीच्या. तिनं आमच्यातल्या बहुतेकींना काम शिकवलं होतं. दोघींच्या बाळंतपणात तिनं घरून डबे आणले होते. माझ्या हाताची तर तिनं आत्ताच पुढाऱ्यांच्या तोंडून वाहवा करवून घेतली होती. आम्ही एकीनंही तोंड उघडलं नाही. मी टेबलावरच्या टेपच्या रिळाकडं बघत राहिले. आपाची नजर रागाची नव्हती. सगळं नीट जोडूनही बल्ब लागला नाही की ती हारनेसकडं जशी बघायची, तशी होती. मग ती पुन्हा फळीकडं वळली आणि पुढचा हारनेस लावू लागली. माणसं चपला शोधत बाहेर गेली.

गेली कितीतरी वर्षं मी त्या पुढाऱ्यांचा तिरस्कार करत आले, आणि तो त्यांनी पुरेपूर कमावलेला आहे. पण खरं सांगायचं तर त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःबद्दलचा आहे. त्यांना निदान हसं झाल्याचा राग तरी होता. मला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवसापासून शेडच्या फाटकासमोर दगडांनी भरलेला एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. त्यामुळं मालाचा टेम्पो आत येईना, बाहेर जाईना. तीन आठवडे तो तसाच होता. शेवटी मालक पुढाऱ्यांच्या घरी जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांच्या वाक्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. परदेशी कंपनीचं काम चालू राहायला पुढाऱ्यांची हरकत नव्हती म्हणे. आश्चर्य वाटतं ना? मलाही वाटलं होतं. स्वदेशीचं सगळं प्रकरण एका अटीवर मिटलं होतं. ती बाई तिथं नको.

मालकांनी आपाला हे सांगताना नजर जमिनीला लावली होती. तपासणीवर कोण बसणार, हेही त्यांनीच सांगितलं. मी. त्या दिवशी सुट्टीनंतर मी तिच्या घरी गेले. भोरात तिची दोन खोल्यांची जागा होती, यास्मिन दारात अभ्यास करत होती. मी म्हटलं, ‘आपा, मी न्हाई बसणार तितं.’ ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘आता शूर झालीस व्हय, शालन?’ तिनं एक देठ मोडला. ‘तू न्हाई बसलीस तर दुसरी बसंल, आन् ती आंधळी असंल. कुणाच्या तरी गाडीत वायर जळंल. बस तू.’ थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, ‘आन् रडू नको हितं. पोरीचं पाठांतर चाललंय.’

मी बसले तिथं. पाच वर्षं बसले.

आपानं हायवेला लागून, शेडपासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याचं छोटं दुकान टाकलं. मुद्दामच तिथं टाकलं, की मालकांना येता-जाता दिसावं. गाड्यांच्या वायरिंगची दुरुस्ती. सुरुवातीला ड्रायव्हर लोक दुकानापाशी थांबत, आत बाई बघून पुढं जात. मग एकदा पावसात एका ट्रकचे सगळे दिवे गेले, आणि बाईखेरीज दुसरं कुणी नव्हतं. ट्रकवाल्यांच्या तोंडून ही गोष्ट खंडाळ्यापर्यंत पोचली. वर्षभरात दुकानासमोर रांग असायची. कुणी विचारलं, ‘परदेशी गाडीचं जमतंय का?’ की ती म्हणायची, ‘गाडीला काय झालंय ते सांग. तिचा गाव मला नको सांगू.’

मी दर रविवारी जायचे. ती माझ्यावर रागावलेली होती की नव्हती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. चहा द्यायची, टोमणेही द्यायची. एकदा मालकांनी शेडच्या भिंतीवर इंग्रजी वर्तमानपत्राचं एक कात्रण लावलं. आम्ही वायरिंग करत होतो ती परदेशी गाडी आता इथून जहाजानं उलट बाहेर जाऊ लागली होती, थेट त्या कंपनीच्या स्वतःच्या देशात. आणि तिथं काही माणसं फलक घेऊन रस्त्यावर उभी होती, की ही गाडी हिंदुस्थानात बनलेली आहे, ही आमची नव्हे, ती परत पाठवा. मी ते उतरवून घेतलं आणि आपाला मराठीतून वाचून दाखवलं. तिनं पक्कड खाली ठेवली. मी तिला इतकं मनापासून हसताना आधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाली, ‘म्हंजे तितं बी एक फेटेवाला हाय.’ मग जरा थांबून, ‘बिचारी गाडी. हितं डांबर, तितं बोर्ड. तिनं जावं कुठं?’

पुढची गोष्ट दोन हजारच्या पुढची. हायवे चौपदरी झाला होता, दगडखाणीला बरे दिवस आले होते, आणि पुढाऱ्यांनी मोटार घेतली होती. तीच. त्याच कंपनीची, वरच्या दर्जाची, पांढरी. मी रविवारी दुकानात बसले होते तेव्हा ती दोरीनं ओढत आणली गेली. वेल्ह्याकडं कुठल्याशा लग्नाला जाताना बंद पडली होती. दुसरा मिस्त्री रविवारी सापडला नाही, म्हणून इथं. पुढारी उतरले. आपाला ओळखलं नसेल असं मला वाटलं होतं, पण त्यांनी लगेच ओळखलं आणि फार दिवसांनी भेटलेल्या बहिणीसारखं हसले. अशी माणसं विसरत नाहीत. आपण विसरलो असू, असं तेवढं धरून चालतात.

आपानं बॉनेट उघडलं. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. ती वाकून एकेक वायर जोडत होती आणि पुढारी उन्हात उभे राहून, कुणी न विचारता, खुलासा करत होते. ‘आता ही इथंच बनते ना, म्हणून घेतली. सगळे पार्ट इथले झालेत. इतकी वर्षं झाली या मातीत, आता ही देशीच म्हणायची.’

आपाचे हात थांबले. ती बॉनेटखालून बाहेर आली, तुटकी वायर बोटात तशीच. ‘सात-आठ वर्सांत झाली व्हय देशी?’ तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, माहिती विचारावी तसा. ‘आन् आमी? आमचं किती वर्सांनी धरता?’

पुढारी मोठ्यानं हसले. विनोद झालाय असं त्यांनी ठरवून टाकलं. कार्यकर्ते हसले. मी हसले नाही, एवढंच. बोलले त्याही दिवशी नाही. आपानं उरलेल्या वायरी जोडल्या, प्रत्येक जोडावर टेप गुंडाळली, एकसारखी, गुळगुळीत, आणि गाडी सुरू करून दिली. मी नंतर चिडून म्हटलं, ‘आपा, एखादी वायर सैल सोडायची तरी.’ तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला पहिल्या दिवसाची नखं आठवली. ‘त्येच्यासाठी मी माझं काम नासवू? येवढा मोठा हाय का त्यो?’

मी शेड सोडली, भोरात एका वाचनालयात नोकरी धरली. यास्मिन डिप्लोमा करून आईच्या दुकानात आली. आपाला साखरेचा आजार होता, पाय सुजायचे, औषधाला ती ‘गोळ्यांचा खाऊ’ म्हणायची आणि निम्मा खायची. त्या सकाळी तिनं दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि तिथंच उंबऱ्यावर टेकली. यास्मिन पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. शटर अर्धंच राहिलं.

फ्लेक्स पाहिला त्यानंतर दोन दिवसांनी पुढाऱ्यांनी शोकसभा ठेवली. हायवेवरचे सगळे दुकानदार, ड्रायव्हर, शेडमधल्या जुन्या सात-आठ बायका, सगळे आले. निवडणूक जवळ होती. पुढारी चांगलं बोलले. ते नेहमीच चांगलं बोलतात. जैतुनबाई या मातीच्या कन्या होत्या, स्वदेशीचा मंत्र त्यांनी आपल्या हातांनी जपला, वगैरे. मग म्हणाले, त्यांच्या सहकारी भगिनींपैकी कुणी दोन शब्द बोलावेत.

मी उठले.  माईक फार जवळ होता, माझाच आवाज मला अंगावर आल्यासारखा वाटला. मी म्हटलं, ‘आपाला यांनी आमच्यासमोर परकी म्हटलं होतं. शेडमध्ये. आणि तिथून काढायला लावलं होतं. आम्ही वीसजणी तिथं होतो, आणि आम्ही गप्प बसलो. मी तिच्या जागेवर जाऊन बसले.’ एवढंच. दोनपेक्षा जास्त शब्द झाले. एका कार्यकर्त्यानं माईक हातातून काढून घेतला आणि दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. शांतता पाळायला आम्हाला कधीच जड गेलं नव्हतं. पण त्या शांततेत मागच्या रांगेतून शेडमधली सुमन उठली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मग आणखी एक. बाकीच्या नाही आल्या. पुढारी डोळे मिटून उभे होते, फोटोसाठी.

तिथून मी दुकानात गेले. यास्मिन सभेला आलीच नव्हती. गाड्या खोळंबल्या होत्या, ती एका टेम्पोखाली झोपून काम करत होती. मी आत जाऊन बसले. एका मोडीत निघालेल्या गाडीची पुढची सीट विटांवर ठेवून आपानं बसायला जागा केली होती. सुजल्या पायामुळं ती एका बाजूला रेलून बसायची, म्हणून सीटची डावी बाजू पार खोल गेली आहे, उजवी अजून ताठ आहे. मला तिथं सरळ बसता येईना. सरकून पाहिलं, उशी लावून पाहिली. शेवटी तिच्यासारखीच रेलले, तेव्हा पाठ टेकली.

यास्मिन हात पुसत आत आली. सभेत काय झालं ते तिला कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं. तिनं मला आईच्या जागेवर तसं रेललेलं पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. मग पाठमोरीच म्हणाली, ‘मावशी, तुमी बोललात म्हनं.’

मी म्हटलं, ‘व्हय.’

‘आई असती तर काय म्हनली असती ठाव हाय?’

मी ‘नाही’ अशी मान हलवली.

‘म्हनली असती... शालन, येवढी घाई कशाला केलीस?’